खळीनं चिकटवलेली कार्डं

अंगणातली वाफेची न्हाणी, शनिवारची सॉना, तापत टाकून केर्तू घरात आली, तेव्हा आई अल्बम मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यावर तिचे दोन्ही हात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हात असे ठेवलेले की तो उचलायला कुणाची माय व्यालीय. केर्तूनं ते बघितलं आणि मुकाट्यानं कॉफी गाळायला घेतली. तिच्या मोठ्या भावाच्या, रेइनोच्या मात्र डोक्यात काही शिरलं नव्हतं. त्याचं आपलं चालूच होतं.

"आई, सोमवारी त्या बाई न्यायला येणार आहेत. मी शब्द दिलाय. म्युझियमच्या भिंतीवर बाबांची कार्डं लागणार, खाली नाव असणार, हेइकी हौताला म्हणून. अजून काय हवं?"

"न्या की मग. आहेत तशी न्या."

"तशी नाही चालत. त्यांना मागची बाजू हवीय. टपालाचा शिक्का, तारीख, मजकूर. नुसते फोटो त्यांच्याकडे ढिगानं आहेत."

रेइनो लाकडाच्या गिरणीतून मुकादम म्हणून निवृत्त झाला, आणि वर्ष उलटायच्या आत लाकूडतोडीच्या म्युझियमच्या समितीत जाऊन बसला. आता दिसेल ती प्रत्येक वस्तू त्याला म्युझियमचाच माल वाटे. मागच्या शनिवारी त्यानं सॉनाची बादली मागितली होती.

कार्डं मात्र खरोखर बघण्यासारखी होती. त्या काळी फोटोवाला वर्षातून दोनदा डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या कॅम्पवर चढायचा, फोटो काढायचा आणि त्याचीच पोस्टकार्डं छापून माणसांना विकायचा. हेइकीनं तीन वर्षांत बेचाळीस कार्डं घरी पाठवली होती. पंचवीस माणसं एकाच ओंडक्यावर ओळीनं बसलेली, स्वयंपाकखान्याच्या दारात पांढऱ्या ॲप्रनमधले आचारी, झोपण्याच्या खोपटात दोरीवर वाळत घातलेले शंभरेक मोजे. आणि सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे त्या देवदाराचं कार्ड. बुंध्यात खोचलेल्या दोन फळ्यांवर दोन भाऊ उभे, एकीकडे हेइकी, दुसरीकडे अर्विद, दोघांच्या मध्ये कुऱ्हाडीनं घातलेली एवढी खाच की तिसरा माणूस आत आडवा झोपला असता. हेइकी गेल्यावर आईनं ही सगळी कार्डं गव्हाच्या खळीनं जाड वहीत चिकटवून टाकली. पुढचे फोटो दिसतात, मागचं अक्षर बावन्न वर्षं कुणी पाहिलेलं नाही. यावरून घरात आईची थट्टा व्हायची. बाकीचे लोक भिंतीला कागद लावतात, आमच्या आईनं टपाल लावलं, असं रेइनो पाहुण्यांना सांगायचा.

"खळ आहे, सुटेल," मेबल म्हणाली. मेबल रेइनोची बायको, इथल्याच देशातली, समुद्रापलीकडून आलेल्या या फिन्निश घरातली पहिली बिगर-फिन्निश सून. तीस वर्षं झाली तरी ती कॉफी कपानंच पिते. "सॉना तापलीच आहे. वाफेवर धरली की आपोआप सुटतील. माझी आई पाकिटावरची तिकिटं अशीच सोडवायची."

"तुझ्या आईला उद्योग नव्हता," आई म्हणाली.

आईनं कॉफी बशीत ओतली, साखरेचा खडा दातात धरला आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटू दिलं. केर्तूनं वेलदोड्याचा पाव कापला. आज तिनं तुकडे नेहमीपेक्षा जाड कापले.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "अर्विदकाका राहतात ते बोर्डिंग या महिनाअखेर बंद होतंय. मालकानं इमारत विकली. कुणी घरी नेलं नाही तर त्यांना सरकारी आश्रमात टाकतील, चाळीस खाटांच्या एका खोलीत. मी त्यांना इथे आणणार आहे. माझ्या शेजारची खोली रिकामीच आहे."

आईच्या दाताखाली खडा कडकन फुटला.

"तुला कसं माहीत बोर्डिंग बंद होतंय ते?" रेइनोनं विचारलं.

"दर बुधवारी जाते मी त्यांच्याकडे. दोन वर्षं झाली."

"बुधवारी तुझी चर्चमध्ये गाण्याची तालीम असते."

"नसते. मला गाता येत नाही, दादा. तुला इतकी वर्षं ते कळलं नाही?"

मेबलला हसू फुटलं. रेइनोनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते कपात लपवलं.

"हे घर माझं आहे," आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी जिवंत असेपर्यंत तो या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

"ऐकलंस?" रेइनो म्हणाला. "आणि बरोबरच आहे. त्या माणसानं ऐन हंगामात बाबांना सोडलं. तो डावखुरा, बाबा उजवे, म्हणून ती जोडी. दोघांनी आपापल्या फळीवरून खाच घालायची, कुणाला जागा बदलावी लागत नाही. डावखुरा गेला आणि बाबांच्या गळ्यात दुसरा उजवाच मारला. दोन उजवे एका झाडावर! मी गिरणीत आयुष्य काढलंय, मला विचार. खाच वाकडी पडली, झाड फिरलं, बुंधा मागे उसळला. दोन आठवड्यांत माणूस गेला. आणि हा पठ्ठ्या कुठे, तर इथे येऊन आईच्या हातचं खात बसलेला."

हे सगळं केर्तूला पाठ होतं. पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती ती. बाप गेला तेव्हा ती एक वर्षाची होती आणि रेइनो चार वर्षांचा. बाप म्हणजे फळीवर उभा असलेला मिशीवाला माणूस, आणि काका म्हणजे त्याच कार्डातला दुसरा, ज्याचं नाव घ्यायचं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं शेकडो पोरांना जेवू घालून झालं, पण त्या माणसाच्या खोलीकडे बुधवारी पहिल्यांदा गेली तेव्हा ती दारातून दोनदा मागे फिरली होती. काकांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, आईचा गुडघा कसा आहे.

"ते शहात्तर वर्षांचे आहेत, दादा. फुप्फुसात काहीतरी झालंय. चाळीस माणसांत एक हिवाळा काढणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"मी म्हणते आणू या," मेबल म्हणाली. "किंवा आमच्याकडे आणू. आमच्याकडेही खोली आहे."

"आपल्याकडे?" रेइनोचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हो. मला कुणी हे वैर वारशात दिलेलं नाही."

म्हणजे तीस वर्षांत सासूशी कधी वाकडं न बोललेली मेबल आज नणंदेच्या बाजूला जाऊन बसली. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं अल्बम उचलून टेबलावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "वाफ द्यायचीय ना, द्या. पण घरात आता त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. ना इथे, ना तुमच्याकडे."

रेइनोला वाटलं आपण जिंकलो. त्यानं लगेच अल्बम काखेत मारला. आई एकाएकी नरम कशी पडली याचा विचार त्याला शिवला नाही. केर्तूला शिवला. आईनं कुणाला इतक्या सहज काही दिल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता तर ती विषय बदलायला एवढी मोठी वस्तू देत होती.

*

सॉनाच्या बाहेरच्या खोलीत बाक होता, त्यावर त्यांनी जुन्या चादरीचं कापड पसरलं. आत तापलेल्या दगडांवर अर्धं भांडं पाणी टाकायचं, दार किलकिलं करायचं आणि अल्बमचं एकेक पान फटीतून येणाऱ्या वाफेवर पाठीकडून धरायचं. फोटोला वाफ लागू द्यायची नाही. मेबलनं पानं धरली, केर्तूनं लोणी लावायच्या बोथट सुरीनं कोपरे सोडवले. रेइनो सूचना देत होता.

"हळू. अगं, शिक्का जाईल."

"तू आत जाऊन पाणी टाक," मेबल म्हणाली. "तेवढं तरी कर."

पहिलं कार्ड सुटलं तेव्हा तिघंही वाकले. रेइनो चष्मा विसरला होता, आणि मेबलला फिन्निश येत नव्हतं. वाचायचं आणि मेबलला अर्थ सांगायचं काम केर्तूकडे आलं. बापाचं अक्षर ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. मोठं, तिरकं, शाळकरी अक्षर होतं. तिला एकदम भरून आलं आणि तिनं ते लपवलं नाही, बाहीनं डोळे पुसले.

"'मोजे मिळाले,'" तिनं वाचलं. "'एक लांब आहे, एक आखूड. अर्विद म्हणतो उतारावर उभं राहायला बरे आहेत.'"

रेइनो फसकन हसला. मग आपण कुणाच्या विनोदाला हसलो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो पाणी टाकायला आत गेला.

पुढची दहा-बारा कार्डं अशीच निघाली. ढेकूण फार आहेत. आचारी बदलला, नवा बरा आहे, सकाळी घावन हवे तितके देतो. रेइनोला दात आले का. मुलगी झाली हे कळलं, नाव तुला आवडेल ते ठेव, फक्त माझ्या आईचं नको. यावर मेबल म्हणाली, "सासरेबुवा माझ्याशी जमवून घेणारे निघाले असते," आणि केर्तू बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली.

शेवटच्या पानावर दोन कार्डं होती. एकावर कॅम्पचा फोटो होता. दुसऱ्यावर मात्र गावातला धक्का, वाफेची बोट आणि टोप्या घातलेली माणसं. कॅम्पच्या कार्डांत हे गावचं कार्ड कसं आलं, असं लहानपणी केर्तूनं एकदा विचारलं होतं आणि आईनं तिला दूध घालायला पिटाळलं होतं. तिनं सुरी घातली. खळ इथे जास्त लावलेली होती, नुसत्या कोपऱ्यांना नव्हे, सगळीकडे. सोडवायला दहा मिनिटं गेली.

मागचं अक्षर बापाचं नव्हतं. बारीक आणि टोकदार होतं. किराण्याच्या याद्यांवर केर्तू रोज तेच अक्षर पाहत होती.

"हेइकी, गवत कापणीला आलंय. रेइनो तापानं फणफणलाय, मुलगी कडेवरून उतरत नाही. माझ्यानं एकटीनं होत नाही. अर्विदला पाठव. तो नको म्हणाला तरी पाठव. डाव्या बाजूला उभं राहायला कुणीही मिळेल. एवेलीना."

तारीख जुलैची होती, एकोणीसशे बाराच्या.

तिनं कॅम्पचं कार्ड उलटलं. त्यावर पुन्हा ते मोठं, तिरकं अक्षर.

"तुझं कार्ड मिळालं. अर्विद जायला तयार नव्हता, म्हणाला मी गेलो तर तुझी बाजू कोण धरेल. मी त्याला तुझं कार्ड वाचायला दिलं, मग तो काही बोलला नाही. गुरुवारी निघतोय. माझ्या जोडीला एक स्वीडिश आलाय, तोही उजवाच आहे, पण आम्ही जागा बदलून भागवू. तू काळजी करू नकोस."

"काय लिहिलंय?" रेइनोनं आतून विचारलं. "म्युझियमच्या कामाचं आहे का?"

केर्तू उभीच राहिली. दुपारपासून ती भांडायला उठली होती, आणि आता भांडण जिंकायचं साधन तिच्या हातात आयतं आलं होतं. ते मोठ्यानं वाचलं की काकांची खोली पक्की. आणि त्याच वाक्यांनी आई जमिनीवर येणार, तीही रेइनोच्या देखत, जो आईच्या शब्दापलीकडे आयुष्यात गेला नाही. तिला ते नको झालं.

"आईचं अक्षर आहे एकावर," ती म्हणाली. "तिला विचारून येते."

*

आई टेबलापाशी तशीच बसली होती. बशीतली कॉफी निवून गेली होती.

"कुठलं निघालं?" तिनं विचारलं.

"धक्क्याचं."

"हं." आईनं हात पुढे केला नाही. कार्ड बघायची तिला गरज नव्हती. "मला वाटलं होतं, माझ्यापुरती टिकेल ती खळ."

केर्तू समोर बसली. "जाळून का नाही टाकलंस?"

"त्याच्या शर्टाच्या खिशात होतं ते. सामान आलं त्यात निघालं. त्यानं जवळ बाळगलेली वस्तू मी जाळू? तू जाळली असतीस?"

"आणि काका?"

आईनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर सॉनाच्या धुराड्यातून सरळ धूर वर चालला होता.

"बातमी आली तेव्हा तो खालच्या शेतात होता, गवत कापत. मी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तू त्याला सोडून आलास. शेजारीपाजारी होते. त्याच्या हातात विळा होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, वहिनी, तूच बोलावलंस. म्हणायला हवं होतं त्यानं. पण तो म्हणाला, हो, आलो. बस, एवढंच. दोन दिवस राहून उरलेलं गवत कापलं, पेंढ्या बांधून कोठारात टाकल्या आणि गेला."

"तू त्याला थांबवलं नाहीस."

"तो हो म्हणाला ना. मग मला ते परत घेता येईना. पहिल्या वर्षी घेता आलं असतं. दुसऱ्या वर्षी अवघड झालं. नंतर तुम्ही मोठे झालात, रेइनो तेच बोलायला लागला, आणि तो बोलला की मलाही वाटायचं, असेल, तसंच असेल." तिनं बशी पुढे सरकवली. "त्याचा राग येतो मला, केर्तू. अजून येतो. एवढं कशाला चांगलं असावं माणसानं?"

केर्तूनं ती बशी उचलून बाजूला ठेवली. आईला जवळ घ्यावं असंही वाटलं आणि गदागदा हलवावं असंही वाटलं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"दादाला मी सांगते," ती शेवटी म्हणाली. "तू बसून राहा."

"नको. तू मऊ करून सांगशील. बोलाव त्याला."

रेइनो घामाघूम होऊन आला, मागून मेबल. आईनं त्याला बसायला सांगितलं आणि फिन्निशमध्ये एका दमात सगळं सांगितलं. कार्ड कुणी लिहिलं, काय लिहिलं, अर्विदनं ते वाचलं होतं हेही. कुठे थांबली नाही, आणि रडलीही नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं त्या सुरात बोलली. मेबलला शब्द कळत नव्हते, पण ती रेइनोच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"शेतकी मेळाव्यात त्यानं हात पुढे केला होता," रेइनो म्हणाला. "मी पाठ फिरवली. सगळा गाव बघत होता."

"माहीत आहे. मी तुझ्या शेजारीच होते."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

रेइनो उठला आणि बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला. गाडी सुरू केली नाही, नुसता बसून राहिला. मेबल त्याच्यामागे जायला निघाली तेव्हा केर्तूनं तिला थांबवलं. कॉफी पुन्हा उकळली, कुणी प्यायलं नाही. पाऊण तासानं तो परत आला, तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"म्युझियमला ते धक्क्याचं कार्ड द्यायचं नाही," तो म्हणाला.

"सगळी द्या," आई म्हणाली. "तेही."

"लोक वाचतील, आई."

"फिन्निश वाचणारे असे किती उरलेत? आणि जे उरलेत त्यांनी तर वाचायलाच हवं. त्यांच्यासमोरच बोलले होते मी." ती काठीचा आधार घेऊन उठली. "उद्या सकाळी गाडी काढ. मलाही यायचंय."

*

बोर्डिंगच्या वरच्या मजल्यावर जिन्यानं जायचं होतं. आईचा गुडघा, त्यामुळे एकेका पायरीला वेळ लागला. रेइनोनं उचलून नेऊ का विचारलं, तर तिनं उत्तरही दिलं नाही. मेबल खाली ट्रकपाशी थांबली होती. केर्तूनं दार वाजवलं.

अर्विद खाटेवर बसून बूट पुसत होता, डाव्या हातानं. कार्डातल्या त्या फळीवरच्या माणसाचं आता फारसं काही उरलं नव्हतं, फक्त खांदे तेवढे रुंद होते. त्यानं केर्तूला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. आज बुधवार नव्हता. मग मागे आई दिसली आणि तो उभा राहिला. बूट हातातच होता.

"वहिनी," तो म्हणाला.

"मी पोरांना सांगितलं, अर्विद. गवतासाठी मीच तुला बोलावलं होतं ते."

अर्विद खाली बसला. त्याला आनंद होईल असं केर्तूला वाटलं होतं. रस्ताभर ती त्याच आनंदाची वाट बघत आली होती. पण म्हातारा नाराज दिसला.

"कशाला सांगितलंस? मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं."

"माहीत आहे. का नाही सांगितलंस तू तरी?"

"पोरांचा बाप गेला होता," अर्विद म्हणाला. "आई तरी धड राहू दे म्हटलं. मला काय, मी कुठेही गेलो असतो."

आईच्या हातातली काठी भिंतीला लागली. केर्तूनं तिला खुर्चीवर बसवलं. आई बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, बाजूच्या खोल्यांना ऐकू जाईल असं. अर्विद कसनुसा झाला. त्यानं बूट खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"रडू नकोस, वहिनी. त्या वर्षी गवत चांगलं आलं होतं. मी परत आलो नसतो तर कुजलं असतं."

रेइनो अजून दारातच होता. साडेसहा फुटांचा माणूस, टोपी हातात घेऊन, आत यावं की नाही हे न कळून उभा राहिलेला. अर्विदनं त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, कारण याच्याकडे हात पुढे केल्यावर काय होतं हे तो शिकलेला होता.

रेइनो आत आला. खोलीभर नजर फिरवली. खाट, एक खुर्ची, खिळ्याला टांगलेला कोट आणि खाटेखाली दोन ट्रंका, त्यांतली एक बहुधा घरमालकाची.

"काका," तो म्हणाला, आणि खाटेपाशी खाली वाकला. "यांतली तुमची कुठली?"